ओढून बघ

"ओ मॅडम, पाय! आधी पाय उचला!"

प्रमोदिनी चौबळ जागच्या जागी थबकली. खाली बघते तर काय, तिची चप्पल एका जाळ्यावर होती. कोपरीच्या बंदरावर ते उन्हात पसरलेलं होतं, आणि पलीकडच्या टोकाला एक तरुण उकिडवा बसला होता. हातात जाळं शिवायची लाकडी सुई. ती चपलांसकट देवघरात शिरली असावी, असा त्याचा चेहरा झाला होता.

"सॉरी... दिसलं नाही मला."

"एवढं मोठं जाळं दिसलं नाही? मग मासळीला काय बोलायचं!"

खरं तर इथे तिने रागवायला हवं होतं. चरईतल्या चौबळांच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे अख्ख्या आळीला ठाऊक आहे. पण तिला खुदकन हसू आलं. आणि हसू आलं की तिच्या उजव्या गालावर खळी पडायची, तीही पडली. समोरच्याने ती पाहिली, आणि लगेच मान खाली घालून नको तिथे एक गाठ मारली.

१९८८ सालचा नोव्हेंबर होता. प्रमोदिनीचं कला महाविद्यालयाचं शेवटचं वर्ष. स्पर्धेसाठी 'ठाण्याची खाडी' रंगवायची म्हणून ती कागद, ब्रश, पाण्याची बाटली असा सगळा संसार घेऊन आली होती. तासाभराने तो हात पुसत मागे येऊन उभा राहिला.

"ही कुठली खाडी?"

"कुठली म्हणजे? हीच."

"आणि निळी?"

"आकाशाचं प्रतिबिंब असतं..."

"मॅडम, आज वार कुठला?"

"मंगळवार."

"मग आज जांभळी. शुक्रवारी हिरवट. रंगाच्या कारखान्यांचं टाइमटेबल ठरलेलं आहे. रविवारी त्यांना सुट्टी, म्हणून त्या दिवशी जराशी खाडीसारखी दिसते."

प्रमोदिनीने पाण्याकडे पाहिलं. सकाळपासून ती तिथे बसली होती, पण पाण्याकडे आत्ता पहिल्यांदा पाहत होती. काठाशी जांभळट फेस साचला होता, तिवरांच्या मुळांवर त्याच रंगाची पुटं चढली होती. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आजवर शिकलेलं सगळं एका वाक्यात पाण्यात गेलं, आणि तेही जांभळ्या!

"आणि ते काय?" विषय बदलायला तिने बंदराच्या भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर एक दोरी ताणलेली होती. तिला फुटकी बाटली, रबरी हातमोजा, खताची गोणी, बाहुलीचा एक हात असं काय काय टांगलं होतं, आणि खाली खडूने ठसठशीत अक्षरात तारीख घातली होती.

"आजची पकड," तो म्हणाला. "माझे बाबा होते तेव्हा या भिंतीला जिताडे टांगायचे, हाताएवढे मासे. आता जे येतं ते मी टांगतो. बोर्ड रंगवायचं काम करतो ना, तारीख टाकायची सवय लागलीय. आई ओरडते. लोक हसतात... पण हसायला तरी थांबतात."

कलेने समाजाला कसं थांबवावं, यावर प्रमोदिनीने पाच वर्षं व्याख्यानं ऐकली होती. या माणसाने ते दोरी आणि खडूवर करून दाखवलं होतं.

"मला तुमच्याबरोबर काम करायचंय," ती म्हणाली. बोलून झाल्यावर तिलाच आश्चर्य वाटलं.

त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वरच्या खिळ्यापर्यंत हात पोचतो?"

"नाही."

"माझा पोचतो. गाठीला गाठ पण पटापट जमते, पण चित्रातलं काय कळत नाय. म्हणजे दोघं लागणारच. कान्हा नाखवा." आणि त्याने हात पुढे केला. हाताला डांबराचा वास होता. प्रमोदिनीने दिलेला हात डावा होता, कारण ती डावरी होती. मग दोघांचे हात बदलायची एकच धांदल उडाली.

अशी ती जोडी जमली.

कान्ह्याची आई मंजुळाबाई ठाण्याच्या बाजारात मासे विकायची. प्रमोदिनीचे वडील, ज्यांना सगळे भाई म्हणत, तिचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. चौबळांकडे मासळीशिवाय रविवार उजाडत नसे, आणि मंजुळाबाईशिवाय मासळी येत नसे. "ते नाखवांचं पोरगं मदतीला असतं ना तुझ्या? चांगलं आहे," एवढंच भाई म्हणत. प्रमोदिनी 'हं' म्हणे. मदतीला नाही भाई, सोबतीला, असं म्हणायचं दर वेळी ओठावर येई... आणि आमटीबरोबर गिळलं जाई.

मंजुळाबाईच्या पडवीत त्यांचं काम चाले. कान्ह्याने पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता. एकाने गाठ मारायची, दुसऱ्याने ओढून बघायची. ओढल्याशिवाय पुढची गाठ नाही.

"आणि सुटली तर?"

"तर दोघांची चूक. मारणाऱ्याची पण, बघणाऱ्याची पण."

कोलंबी सोलता सोलता मंजुळाबाईने मान वर केली. "कान्ह्याचा बापूस गाठ मारायचा नि मी ओरून बगायची. चवदा वर्सा! येक गाठ सुटली नाय." आणि मग पदराने उगाच नाक पुसत ती पुन्हा कोलंबीला लागली.

बाटल्यांच्या मानेला, चपलांच्या पट्ट्यांना, दोरीच्या प्रत्येक वळणाला तोच नियम. चित्राची आखणी तिची, तर तो विचारायचा, "हे असं का?" आणि उत्तर पटलं नाही तर ती पुसायची. त्याच्या कल्पनाही ती तशाच ओढून बघायची. भांडणं व्हायची, चहा गार व्हायचा. पण काम बाहेर पडायचं तेव्हा त्यातलं कुठलं कुणाचं, हे त्या दोघांनाही धड सांगता यायचं नाही. फक्त गाठी वेगळ्या. प्रमोदिनी डावरी असल्याने तिची गाठ उलटी बसायची.

खोपटच्या एस.टी. आगारात त्यांनी एकदा मासळीच्या पाटीत सात बाटल्या मांडल्या. सातही वारांचं खाडीचं पाणी, प्रत्येकीवर वाराची चिठ्ठी. गाडीची वाट बघणारी माणसं कोंडाळं करून उभी राहिली. "सरबत आहे का?" एका आजोबांनी विचारलं. "हो, पण प्यायचं खाडीने!" कान्हा म्हणाला. कंट्रोलर धावत आला, "हा काय तमाशा आहे?" म्हणून ओरडला, आणि मग स्वतःच वाकून मंगळवारची बाटली उन्हात धरून बघत राहिला. तो कल्याणच्या खाडीकाठचा निघाला. पाटी त्याने संध्याकाळपर्यंत हलवू दिली नाही.

त्या दिवशी परतताना कोपरीच्या वळणावर अवचित सर आली. दोघं एका बंद दुकानाच्या वळचणीला उभे राहिले. जागा दीड माणसाची.

"एक विचारू?" कान्हा पावसाकडे बघत म्हणाला.

"विचार."

"तुमच्या घरी आईचा जिताडा चालतो..."

"चालतो काय, पळतो!"

"...मी चालेन का?"

पाऊस पडतच होता. अशा वेळी जे करू नये नेमकं तेच प्रमोदिनीने केलं... ती हसली. "तुझ्यात काटे फार आहेत."

तोही हसला. पण पुढे स्टेशनापर्यंत तो दोन पावलं पुढेच चालत राहिला, आणि आपण चुकीचं उत्तर दिलं हे तिला कळत राहिलं. खरं उत्तर तिच्याजवळ होतं. ते भाईंसमोर म्हणायची हिंमत मात्र नव्हती.

पुढच्या वर्षी डोंबिवलीच्या एका कलामंडळाचं बोलावणं आलं. प्रदर्शनात मधली मोठी भिंत या दोघांना! तीन महिने खपून त्यांनी पंधरा हात लांब जाळं विणलं. वरच्या अर्ध्या भागात पांढरं सूत, शिंपले, मंजुळाबाईने सांगितलेल्या एकेका माशाचं नाव. खालच्या अर्ध्यात खाडीतून निघालेली खरी पकड: पिंपांची झाकणं, रंगाने माखलेले हातमोजे, औषधांच्या बाटल्या. वरून खाली वाचत गेलं की खाडीची तीस वर्षं डोळ्यांसमोरून जायची.

उद्घाटन रविवारी चारला होतं. भाई येणार होते. लेकीचं काम बघायला ते पहिल्यांदाच येणार होते. त्यांनी ठेवणीतला कोट काढून उन्हात वाळत टाकला होता.

शनिवारी दुपारी मंडळाचे सचिव विश्रामराव टेम्पो घेऊन मंजुळाबाईच्या दारात उभे राहिले. पडवीत प्रमोदिनी एकटीच होती. कान्हा बांबू आणायला गेला होता, मंजुळाबाई बाजारात. विश्रामरावांनी जाळं बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.

"वरचा भाग अप्रतिम. खालचं मात्र... आपल्या मंडळाचे अध्यक्षच रंगाच्या कारखान्याचे मालक आहेत, बाई. तुम्हीच विचार करा. वरचं तेवढं द्या, मधली भिंत तुमचीच. नाहीतर मला दुसऱ्याला द्यावी लागेल. टेम्पो थांबलाय."

"कान्हा येईपर्यंत थांबाल?"

"पाच मिनिटं."

पाच मिनिटांत कान्हा आला नाही. प्रमोदिनीच्या डोळ्यांपुढे कोट घातलेले भाई आले, आणि त्यांच्यापुढे ते माखलेले हातमोजे. निदान सुंदर तेवढं तरी दिसेल, असं ती स्वतःला म्हणाली. कात्री घेतली. आणि ज्या घरात फाटकं जाळंसुद्धा कुणी कापत नाही, शिवतात, त्या घराच्या पडवीत बसून तिने धडधाकट जाळं मधोमध कापलं.

कान्हा आला तेव्हा टेम्पो गेला होता. ती खालचा भाग मांडीवर घेऊन बसली होती. त्याने बांबू भिंतीला टेकवले, खाली बसला, आणि कापलेली टोकं एकेक करून बोटांवरून फिरवली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सोडवलं असतंस तरी एक वेळ चाललं असतं," तो हळूच म्हणाला. "कापलंस."

"वेळ नव्हता रे! त्यांनी पाच मिनिटं..."

"ओढून बघायला कितीसा वेळ लागतो?"

तिने कात्री बाजूला सरकवली.

"वरचं छान दिसेल तिकडे," तो उठत म्हणाला. "तुझ्या घरच्यांना आवडेल." आणि खालचं अर्धं जाळं खांद्यावर टाकून तो बंदराकडे निघून गेला. मागे वळून त्याने बघितलं नाही.

दिवेलागणीला ती घरी पोचली. पानात तळलेला मासा होता. भाई खुशीत होते.

"मग उद्या ते नाखवांचं पोरगं येणार ना मदतीला?"

प्रमोदिनीचा हात पानातच थांबला. या वेळी ते आमटीबरोबर खाली जाईना.

"तो मदतीला नसतो, भाई. कधीच नव्हता. ते काम दोघांचं आहे." आणि मग बांध फुटला. तिने सगळं सांगितलं. गाठ एकाने मारायची, दुसऱ्याने ओढायची, त्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि आज तिने न विचारता कात्री चालवली. "तुमच्यासाठी कापलं भाई मी. तुम्हाला ती घाण दिसू नये म्हणून... त्याच्यासाठी एकदासुद्धा बोलले नाही तुमच्यापुढे. आणि मला तो आवडतो. खूप आवडतो."

भाईंनी चष्मा काढला.

"जेव," ते म्हणाले. "मासा गार होतोय." आणि स्वतः मात्र पानावरून उठून गेले.

रविवारी पहिल्या एस.टी.ने ती डोंबिवलीला गेली. हॉल नुकताच उघडत होता. मधल्या भिंतीवर अर्धं जाळं खरोखरच देखणं दिसत होतं, आणि सपशेल खोटं. तिने स्टूल ओढलं आणि ते उतरवायला लागली.

"अहो बाई! पत्रिकेत नाव छापलंय तुमचं!" विश्रामराव धावत आले.

"पत्रिकेत दोन नावं आहेत, विश्रामराव. भिंतीवरचं मात्र एकटीने ठरवलेलं आहे. आम्ही असं करत नाही."

दुपारी ती बंदरावर पोचली तेव्हा कान्हा बांबू रोवून उरलेलं अर्धं जाळं टांगायच्या खटपटीत होता. तिला बघून त्याचे हात थांबले. त्याचं जाळं तिने खाली उतरवून घेतलं, दोन्ही अर्धी शेजारी पसरली, चप्पल लांब काढून ठेवली, आणि सुईत सूत ओवून कापलेल्या टोकाला पहिली गाठ मारली. उलटी.

"ओढून बघ."

तो खाडीकडे बघत राहिला. तिने दुसरी मारली.

"ओढून बघ ना."

तिसरी. चौथी. ऊन चटचटत होतं. घरांच्या दारांतून कोळणी बघायला लागल्या. सातव्या गाठीला मंजुळाबाईच कडाडली, "आरं, ओर ना! पोरगी कदीची बसलीय उनात!"

कान्हा आला. समोर बसला. पहिली गाठ दोन बोटांत धरून त्याने ओढली... आणि ती सर्रकन सुटली.

"सुटली," तो म्हणाला.

"माहितीये," प्रमोदिनीचे डोळे भरून आले होते, तरी ती हसत होती. "म्हणून तर तुला ओढायला सांगतेय. एकटीने मारलेल्या सगळ्या अशाच आहेत. चूक माझी होती, कान्हा. त्या पावसातलं उत्तर पण चुकीचं होतं."

"मग बरोबर काय आहे?"

"तुझ्या आईबाबांनी चौदा वर्षं गाठी ओढल्या..." तिने खोल श्वास घेतला. "मला चौदा पुरणार नाहीत."

कान्ह्याने तिच्याकडे पाहिलं, पहिल्या दिवशी खळीकडे पाहिलं होतं तसंच. पण या वेळी मान खाली घातली नाही. त्याने तिच्या हातातली सुई घेतली, सुटलेली गाठ नव्याने मारली आणि टोक तिच्यापुढे धरलं.

"ओढ."

मग ती एका टोकाकडून आणि तो दुसऱ्या टोकाकडून, असे ते मधे येत गेले. उलटी गाठ, सुलटी गाठ. प्रत्येक गाठ दुसऱ्याने ओढलेली. मधोमध पोचले तेव्हा गाठ एक उरली आणि हात चार. ती कोणी मारली, हे कोळीवाड्यात कुणाला आजही सांगता येत नाही. सगळे गाठीकडे नव्हे, त्यांच्याकडे बघत होते.

जाळं बांबूंवर चढलं. रविवार होता. खाडी जराशी खाडीसारखी दिसत होती, आणि तिच्यासमोर तिची तीस वर्षं टांगलेली होती. एका म्हातारीने घरातून मासे कापायचा मोडका कोयता आणून खालच्या ओळीत अडकवला. मासे मिळेनासे झाले तेव्हापासून तो तसाच पडून होता म्हणे. मग दुसरीने काहीतरी आणलं. मग रांगच लागली.

ऊन कलताना रिक्षा थांबली आणि कोट घातलेले भाई उतरले. हातात डोंबिवलीची पत्रिका. त्यांनी तिथे जाऊन रिकामी भिंत बघितली होती.

भाई जाळ्यासमोर उभे राहिले. वरून खाली, सावकाश. माशांची नावं वाचताना त्यांचे ओठ हलले. हातमोज्यांपाशी ते थांबले, पण त्यांनी नजर काढून घेतली नाही. मग ते मधल्या ओळीशी आले, जिथे पांढऱ्या सुताला नव्या सुताचा सांधा होता.

"ही ओळ कुणाची?"

"दोघांची," प्रमोदिनी आणि कान्हा एकदमच म्हणाले.

भाईंनी पत्रिका खिशात घातली. मधली गाठ चिमटीत धरली आणि ओढली. त्यांनी पुन्हा ओढली, आता दोन्ही हातांनी, चांगला जोर लावून. बांबू करकरले. गाठ जागची हलली नाही.

"पक्की आहे," ते म्हणाले. मग घसा खाकरून ते मंजुळाबाईकडे वळले. "मंजुळाबाई, पुढच्या रविवारी जिताडा मिळतोय का बघा. मिळाला तर तुम्हीच घेऊन या घरी. आणि याला जेवायलाच आणा. काम दोघांचं आहे म्हणतात, तर दोघांना एकत्र बसवून ऐकतो तरी."

मंजुळाबाईने पदर तोंडाला लावला.

कान्हा प्रमोदिनीच्या कानाशी वाकला. "आणि माझ्यातल्या काट्यांचं काय?"

"आम्ही चौबळ आहोत," ती म्हणाली, आणि खळी पडली. "काट्यांशिवाय आम्हाला चवच लागत नाही."